जुनेराचे दुपटे: श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील तान्ह्या मुलांच्या पांघरुणाचा इतिहास

तान्ह्या मुलाच्या पांघरुणाला मराठीत एकच एक शब्द नाही. अंगाला लागून असणारे आणि दिवसातून अनेकदा बदलावे लागणारे मऊ फडके म्हणजे बाळोते; मुलाला गुंडाळण्यासाठी किंवा त्याच्याखाली अंथरण्यासाठी दोन पदरी शिवलेले चौकोनी वस्त्र म्हणजे दुपटे; तेच चार पदरी केले की चौघडी; तुकड्याला तुकडा आणि थरावर थर देऊन दाट टाके घातले की गोधडी; दोन कापडांच्या मधे पिंजलेला कापूस भरला की दुलई; आणि डोके, कान व पाठ एकदम झाकावी म्हणून टोपीलाच मागे झोळ जोडून शिवलेली ती कुंची. यांपैकी गोधडी आणि कुंची हे शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत नोंदलेले सापडतात, म्हणजे ही शब्दसंपत्ती आजची नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत अंथरूण वेगळे आणि पांघरूण वेगळे असते. तान्ह्याच्या बाबतीत हा भेद जवळजवळ पुसला जातो, कारण जे खाली अंथरायचे तेच दोन्ही बाजूंनी वर घेऊन मुलाभोवती लपेटायचे असते. म्हणूनच या वस्त्राची निवड करताना ऊब, मऊपणा, हलकेपणा, ओल शोषण्याची शक्ती आणि लवकर वाळण्याचा गुण अशा पाच कसोट्या एकाच वेळी लावाव्या लागतात, आणि त्यांतील कोणती कसोटी वरचढ ठरावी हे बहुतांशी त्या त्या प्रदेशाचे हवामान ठरवते.

श्रीवर्धन हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील तालुक्याचे गाव समुद्राला लागून, पोफळी आणि नारळीच्या वाड्यांच्या आड वसलेले आहे. उत्तरेला दिवेआगर, दक्षिणेला हरिहरेश्वर, किनाऱ्यावर जीवना बंदर आणि भरडखोलसारख्या कोळीवस्त्या, आणि आत डोंगरउतारांवर कुणब्यांच्या वाड्या, असा हा परिसर आहे. येथील हिवाळा सौम्य असतो. घाटावर जी थंडी माणसाला शेकोटीकडे खेचते ती येथे क्वचितच पडते. तान्ह्या मुलाला खरी थंडी बाधते ती पावसाळ्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, समुद्रावरचा वारा भिंतींच्या फटींतून घरात शिरतो, जमीन ओल धरते, आणि आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. हवेचे तापमान फारसे उतरलेले नसले तरी ओल्या कपड्यातून वारा गेला की अंगातली उष्णता झपाट्याने निघून जाते, आणि जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या शरीराला ती भरून काढण्याची शक्ती फारच थोडी असते. त्यामुळे या किनाऱ्यावर पांघरूण किती जाड यापेक्षा ते किती कोरडे राहते, आणि ओले झाल्यावर किती लवकर वाळते, हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या महत्त्वाचा ठरला. थंड देशांतील बाळाच्या पांघरुणाचा विचार लोकरीपासून सुरू होतो. कोकणातला विचार सुरू होतो तो वाळत घालण्याच्या दांडीपासून.

हा विचार शास्त्राला अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, जेथे प्रसूती आणि नवजाताची जोपासना यांचे विवेचन आहे, तेथे बालकाचे शयन, आस्तरण म्हणजे अंथरूण आणि प्रावरण म्हणजे पांघरूण कसे असावे हे स्वतंत्रपणे सांगितले आहे: ते मृदू, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे, घाम, मळ, जंतू किंवा मलमूत्र लागलेले वस्त्र टाकून द्यावे, आणि नवे मिळण्याची सोय नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, पूर्ण वाळवून मग पुन्हा वापरावे. ही शेवटची सवलत फार बोलकी आहे. ग्रंथकाराने आदर्श सांगितला आणि लगेच गरिबाच्या घराकडे पाहिले. धुरीसाठी दिलेल्या द्रव्यांत जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ आणि वचा म्हणजे वेखंड यांचा समावेश आहे. सापाची कातही आहे, ती मात्र पुढे बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचली नाही. सुश्रुतसंहितेत नवजाताला क्षौम वस्त्रात, म्हणजे जवसाच्या धाग्यापासून विणलेल्या वस्त्रात, लपेटून तशाच वस्त्राच्या बिछान्यावर निजवावे असे म्हटले आहे. दोन्ही ग्रंथांचा रोख एकच दिसतो: वनस्पतिजन्य, मऊ, धुता येण्याजोगे आणि अंगाला भार न होणारे वस्त्र.

कोकणातल्या घरांनी या कसोट्या ज्या वस्तूने भागवल्या ती वस्तू बाजारात मिळत नव्हती. तिचे नाव जुनेर. जुनेर म्हणजे नेसून नेसून विरत आलेले लुगडे; जे नेसणे आता शोभत नाही, पण जे टाकण्यासारखेही नाही. नऊवारी सुती लुगड्याला पाच-सहा वर्षांच्या धुण्यानंतर जो मऊपणा येतो तो कोणत्याही नव्या कापडाला नसतो, आणि याचे कारण यांत्रिक आहे. विणण्याआधी ताण्याच्या धाग्यांना खळ द्यावी लागते, म्हणजे पिठाचा किंवा अन्य चिकट पदार्थाचा लेप द्यावा लागतो. नाहीतर मागावरच्या ओढाताणीत धागे तुटतात. ही खळ नव्या कापडाला ताठपणा देते, त्याला जड करते आणि पाणी शोषू देत नाही. धुण्यागणिक खळ निघून जाते, धाग्याचा पीळ सैलावतो, कापूस फुलतो, आणि कापड एकाच वेळी पातळ व शोषक बनते. म्हणून तान्ह्यासाठी योग्य पांघरूण निवडणे याचा अर्थ या किनाऱ्यावर योग्य वयाचे कापड निवडणे असा होता. फार नवे असले तर ते कातडीला ओरखडते, फार जुने झाले तर दोन धुण्यांत फाटते; या दोहोंमधला काळ ओळखणे हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे कसब होते, आणि त्यासाठी त्या कापड डोळ्यांनी पाहून थांबत नसत, ते गालाला लावून पाहत.

आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर मुलाला लपेटावे, म्हणजे त्यांचे दीर्घायुष्य मुलाला लाभते, अशी समजूत महाराष्ट्रभर आढळते. पहिल्या दिवसांत मुलाच्या अंगाला नवे कापड लावू नये हा संकेतही तितकाच व्यापक आहे. समजुतीमागे नेहमीच काहीतरी शास्त्र दडलेले असते असे म्हणण्याचा मोह अनेक लेखकांना होतो, आणि बहुतेक वेळा तो मोह टाळलेला बरा; पण येथे आजीच्या लुगड्याचे पुण्य आणि त्याच्या सुताचा मऊपणा एकाच घडीत आले होते एवढे निःसंशय म्हणता येते.

दुपटे शिवण्याची रीत साधी दिसते, परंतु तिच्यातील प्रत्येक बारकाव्याला कारण आहे. लुगड्याचा काठ आणि पदर प्रथम उतरवून घेतात, कारण काठाची वीण घट्ट असते, आणि पदराला जरतार असेल तर ती बोचते. मधल्या अंगातून, जेथे वस्त्र सर्वांत समान झिजलेले असते तेथून, साधारण वारभर लांबी-रुंदीचे दोन चौकोन काढतात. बसण्याच्या जागी विरलेला भाग वगळतात किंवा एका थरातील विरलेला भाग दुसऱ्या थरातील घट्ट भागावर येईल अशी मांडणी करतात. दोन्ही चौकोन उलटे एकमेकांवर ठेवून तीन बाजू शिवतात, मग उशीच्या खोळीप्रमाणे आतली बाजू बाहेर काढतात, आणि उरलेली बाजू आत दुमडून बंद करतात. यामुळे शिवणीचा दोरा आणि कापडाच्या सुट्या दशा दोन थरांच्या मधे राहतात व मुलाच्या बोटांत किंवा अंगठ्यात अडकत नाहीत. त्यानंतर धावदोरा, म्हणजे सुई कापडातून सरळ वरखाली जात पुढे धावते असा टाका, कडेकडेने घालीत चौकोनातून लहान चौकोन असे करत मध्यापर्यंत आणतात. दोऱ्याची गाठ पृष्ठभागावर ठेवीत नाहीत. ती सुईच्या टोकाने थरांच्या मधे ओढून घेतात, कारण तान्हे मूल दिवसातले बहुतेक तास पाठीवर निजते आणि मुगाएवढी गाठही त्याच्या पाठीला वळ उठवते. पुष्कळ घरांत दोराही विकतचा नसे. उतरवलेल्या काठातूनच लांब धागे सोडवून ते दुहेरी करून वापरत, म्हणजे दोरा आणि कापड सारख्याच वयाचे आणि सारख्याच आटण्याचे असत. नवा दोरा धुतल्यावर आटतो आणि जुन्या कापडाला चुण्या पाडतो, हे अनुभवाने कळलेले होते.

हे शिवणकाम चैत्र-वैशाखात होई. कोकणात पावसाळ्याआधीच्या बेगमीला आगोट म्हणतात. घर शाकारणे, लाकूडफाटा भरणे, मीठ-मसाला, सुकी मासळी आणि पापड-कुरडया करून ठेवणे या सर्वांच्या जोडीला गोधड्या-दुपट्यांची धुलाई आणि शिलाई ही आगोटीची एक बाजू होती. तिला निकडीचे कारणही होते. किनाऱ्यावरची वाहतूक शतकानुशतके समुद्रमार्गे चाले. पाऊस सुरू झाला की गलबते ओढून घेतली जात आणि पुढे आगबोटी आल्या तेव्हा त्याही नारळी पौर्णिमेच्या सुमारापर्यंत बंद राहत. या तीन महिन्यांत जन्मणाऱ्या मुलासाठी बाहेरून काहीच येणार नव्हते. जे घरात होते त्यातूनच त्याचे पांघरूण निघणार होते. कोकणात कापूस पिकत नाही. सूत आणि कापड घाटावरून बैलांच्या पाठीवर किंवा जलमार्गाने येत असे, म्हणून त्याचा प्रत्येक वार मोलाचा होता आणि लुगडे फाटले म्हणून फेकून देण्याची कल्पनाही कोणाला सुचण्यासारखी नव्हती.

लोकरीला या व्यवस्थेत स्थान होते, पण ते वेगळ्याच कामासाठी. घाटावरच्या धनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून विणलेले घोंगडे कोकणात पोचत असे. ते पावसात डोक्यावर घेण्यासाठी, मोठ्यांच्या अंथरुणासाठी उपयोगी पडे, परंतु त्याची लोकर राठ असल्यामुळे तान्ह्याच्या कातडीशी त्याचा संबंध येऊ देत नसत. फार तर बाजेवर सर्वांत खाली ते घालून त्यावर दुपट्यांचे थर देत. श्रीवर्धन-दिवेआगरच्या ब्राह्मण घरांत लोकरीचे दुसरे रूप म्हणजे धाबळी, जी सोवळ्यात नेसण्याचे किंवा पांघरण्याचे लोकरी वस्त्र होते. सोवळ्याच्या नियमांप्रमाणे धुतलेले सुती वस्त्र स्पर्शाने ओवळे होते, रेशीम व लोकर तशी होत नाही. त्यामुळे ज्या घरात लोकर होती तेथेही ती उबेपेक्षा शुद्धीसाठी राखलेली असे, आणि सोयर असलेल्या, म्हणजे जननाशौचाच्या दहा दिवसांत असलेल्या, बाळंतिणीच्या खोलीत तिला प्रवेश नसे. शिवाय दमट हवेत लोकर जपणे कठीण. तिला कसर लागते, ती पाणी पुष्कळ धरते आणि श्रावणात एकदा भिजली तर भाद्रपदापर्यंत तिचा कुबट वास जात नाही.

बाळंतविडा ही या वस्त्रांची सार्वजनिक बाजू. विडा म्हणजे मूळ पानसुपारी, आणि बाळंतविडा म्हणजे बाळंतिणीला विड्याबरोबर नेऊन द्यायची भेट. कालांतराने विडा नावापुरता राहिला आणि भेटीत झबली, टोपडी, लंगोट, कुंची आणि दुपटी यांना महत्त्व आले. श्रीवर्धनात या शब्दातला विडा अगदीच पोकळ नव्हता, कारण येथील रोठा सुपारी, जिच्या आतील पांढरा गाभा मोठा आणि चव सौम्य असते, तिचे नाव गावाच्या नावाशी जोडलेले आहे आणि गावात सुपारीचे स्वतंत्र संशोधन केंद्रही आहे. बाळंतविड्यातली दुपटी ही घरातल्या रोजच्या दुपट्यांहून वेगळी असत. ती नव्या कापडाची, रंगीत खणाच्या पट्ट्या लावलेली, क्वचित भरतकाम केलेली असत, आणि बारशाच्या दिवशी पाळण्यात घालून दाखवली की घडी घालून ठेवली जात. रोजच्या वापराला जुनेर आणि मिरवायला नवे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. तिच्यात दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही, कारण दोन्ही प्रकारच्या वस्त्रांचे काम काय आहे ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच ठाऊक होते.

ज्या घरात मुले जगत नसत तेथे पांघरुणाची निवड आणखी वेगळ्या वाटेने जाई. अशा घरी मूल जन्मले की त्याच्यासाठी दुसऱ्या घरांतून, विशेषतः जिची मुले जगली आहेत अशा बाईकडून, कापड मागून आणत, आणि मुलाचे नावही भिकाजी, धोंडू, दगडू असे ठेवत, म्हणजे हे मूल कोणाला हेवा वाटावा असे नाही, ते भिकेचे आणि दगडाच्या मोलाचे आहे, असे सटवीला आणि दृष्ट लावणाऱ्यांना भासावे. कोकणातील जुन्या पिढ्यांत भिकाजी हे नाव इतके सर्रास आढळते की, त्या प्रत्येक नावामागे मागून आणलेल्या कापडाचे एखादे अंगडे किंवा दुपटे असावे असे वाटून जाते. मुलांच्या मृत्यूचे प्रमाण मोजणारे तक्ते येण्यापूर्वीचा हा एक प्रकारचा तक्ताच आहे. समाजाच्या इतर थरांत रीत वेगळी असली तरी वस्त्र तेच होते: कोळीवाड्यात आईच्या जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला टांगून त्यातच मूल निजवत, त्यामुळे अंथरूण, पांघरूण आणि पाळणा ही तिन्ही कामे एका वस्त्रावर भागत; कोकणी मुसलमान घरांत छठी आणि अकीक्याचे विधी निराळे, पण तान्ह्याखाली घातली जाणारी गोधडी शेजारच्या घरातल्यासारखीच जुन्या सुती कपड्यांची असे. श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होते, आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंडी नावाच्या गोधड्या आज प्रसिद्ध आहेत. परंतु केवळ नामसाम्यावरून या दोहोंचा धागा जोडणे घाईचे ठरेल, कारण जुन्या वस्त्रांचे थर शिवण्याची कल्पना बंगालच्या कांथ्यापासून कोकणापर्यंत जेथे जेथे पातळ सुती वस्त्र नेसले गेले तेथे तेथे स्वतंत्रपणे उगवलेली आहे.

शिवण्याइतकेच वाळवणे हे या परंपरेचे अंग होते. पावसाळ्यातल्या बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली किंवा बाजेशेजारी निखाऱ्यांची शेगडी असे. तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वेखंड, धूप टाकून धुरी करत आणि बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती व दुपटी पसरत. टोपलीच्या फटींतून येणाऱ्या उबदार धुराने कपडा वाळे, त्याला वास लागे आणि डास-पिसवा दूर राहत. चरकसंहितेतील धुतलेले, धुरी दिलेले आणि वाळवलेले वस्त्र ते हेच. दिवेलागणीनंतर मुलाचे कपडे बाहेर दांडीवर राहू द्यायचे नाहीत हा नियम कडक पाळला जाई. त्याचे कारण विचारले तर कोणी बाहेरची बाधा सांगे आणि कोणी दव. या खोलीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरता येत नाही: दारे-खिडक्या बंद, कोंडलेला धूर, डोळे चुरचुरणारी आई आणि नुकते श्वास घेऊ लागलेले मूल. पांघरूण कोरडे ठेवण्याची किंमत कित्येकदा मुलाच्या फुप्फुसांनी मोजली असणार.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो मुंबईने. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले, आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातील हजारो पुरुष गिरणगावात गेले. शिमग्याला आणि गणपतीला परतणारा चाकरमानी गिरणीचे कापड घेऊन येऊ लागला. लुगडी स्वस्त झाली, ती अधिक वेळा घेतली जाऊ लागली, साहजिकच जुनेरही अधिक निघू लागले. म्हणजे गिरणीने दुपट्याला मारले नाही, उलट त्याचा कच्चा माल वाढवला. दुपट्यांसाठी मांजरपाटाचा वार आणि फ्लॅनेलचा तुकडा विकत आणण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. फ्लॅनेल म्हणून जे विकले जाई ते बहुधा लोकरीचे नसून एका बाजूने खरडून लव काढलेले सुती कापड असे. ते लवेमुळे हवा धरून ठेवते आणि ऊब देते, मात्र धुण्यागणिक त्याची लव गोळ्या होऊन झडते. बाळंतपणासाठी मुंबईहून माहेरी येणाऱ्या मुलीच्या ट्रंकेत फ्लॅनेलची दुपटी आणि माहेरच्या फडताळात जुनेराची, अशी दोन घराण्यांची, खरे तर दोन अर्थव्यवस्थांची, सरमिसळ होऊ लागली.

खरा बदल झाला तो धाग्यातच. नायलॉन आणि पुढे पॉलिएस्टरच्या साड्या साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत शिरल्या. त्या टिकाऊ होत्या, त्यांना इस्त्री लागत नव्हती, त्या दांडीवर अर्ध्या तासात वाळत होत्या, आणि पावसाळी कोकणात राबणाऱ्या स्त्रीला हे गुण वरदानासारखे वाटले असतील तर त्यात नवल नाही. परंतु सामान्य दमटपणात कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. अशी साडी दहा वर्षे नेसली तरी तिचे जुनेर होत नाही. ती विटते, पण मऊ आणि शोषक बनत नाही. दुपट्याची परंपरा कोणी मोडली नाही, तिचा पुरवठा आटला. १९८२ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे: त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, ज्यातून सुती गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही, आणि त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातच, पाताळगंगेच्या काठी, रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. तान्ह्यांच्या अंथरुणाचा इतिहास एखाद्या जिल्ह्याच्या नकाशावर इतका स्पष्ट उमटलेला क्वचितच सापडतो.

याच सुमारास आखाती देशांत नोकरीला गेलेल्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी आणखी एक वस्तू आणली, ती म्हणजे मिंक नावाने ओळखले जाणारे, मोठमोठ्या फुलांचे, झिप लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येणारे जाड कृत्रिम ब्लँकेट. कुवेत-दुबईच्या वातानुकूलित खोल्यांत त्याचा उपयोग होता. समुद्राकाठच्या घरात ते पाहुण्यांसाठी कपाटावर विराजमान झाले; पण नातवंड आले की कौतुकाने तेच त्याच्यावर घातले जाई, आणि घामोळ्यांनी लाल झालेले मूल रडू लागले की दृष्ट काढली जाई. त्याच्या धाकट्या आवृत्त्या, म्हणजे अस्वलाचे कान असलेली टोपीवाली फ्लीसची ब्लँकेटे, आज तालुक्याच्या बाजारपेठेतही टांगलेली दिसतात. फ्लीस म्हणजे लव काढलेले पॉलिएस्टरच. थंड, कोरड्या देशात ते उत्तम. जेथे मुलाला उबेइतकीच घाम निघून जाण्याची गरज आहे तेथे ते चुकीचे.

वैद्यकाचे म्हणणे या काळात दोन दिशांनी आले. नवजाताचे शरीर थंड पडणे हे मृत्यूचे एक कारण असल्याने त्याला जन्मताच कोरडे पुसावे, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावे, आंघोळ लगेच घालू नये, डोके झाकावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. महाराष्ट्रातच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरीच नवजातांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले, आणि २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली गेली. आशाच्या पिशवीत तापमापक आणि वजनकाट्याबरोबर बाळाचे एक ब्लँकेटही असते. महाराष्ट्र शासनाने २०१८-१९ मध्ये सरकारी रुग्णालयात पहिल्या बाळंतपणासाठी येणाऱ्या मातांना बेबी केअर किट देण्याचे ठरवले. त्यात कपडे, लहान गादी, मच्छरदाणी, तेल यांच्या जोडीला गरम ब्लँकेट आहे, म्हणजे माहेरचा बाळंतविडा आता सरकारकडून येऊ लागला. दुसरीकडे, झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९९२ पासून मुलाला पालथे न निजवण्याचा सल्ला दिला, आणि पुढे वर्षाच्या आतील मुलाच्या अंथरुणात सुटे, मऊ, जाड पांघरूण ठेवूच नये असा आग्रह धरला, कारण ते तोंडावर आले तर मुलाला ते दूर करता येत नाही. या कसोटीवर जाड ब्लँकेट आणि कापूस भरलेली दुलई दोन्ही नापास होतात. पातळ दुपटेही काखेपर्यंतच लपेटावे, पाय आत मोकळे राहावेत आणि चेहऱ्याजवळ सुटे टोक असू नये, एवढी पथ्ये पाळावी लागतात. पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची जुनी सवय तर खुब्याच्या सांध्याला अपाय करते, म्हणून ती सोडलेलीच बरी.

शहरांतील दुकानांत अलीकडे दुहेरी-चौपदरी मलमलीची नवी वस्त्रे बाळांसाठी मिळतात, आणि धुण्यागणिक ती अधिक मऊ होतील असे त्यांच्या वेष्टनावर छापलेले असते. जुनेराने जे फुकट दिले ते नव्याने विकत घेण्याची ही सोय आहे. तिची किंमत पाहून आजीने काय म्हटले असते हे सांगायला नको.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. त्यांना १७१३ मध्ये छत्रपती शाहूंनी पेशवेपदाची वस्त्रे दिली, ती घटना इतिहासात नोंदली गेली, आणि गावात पेशव्यांचे स्मारकही उभे आहे. पद देताना वस्त्रे द्यायची आणि ती हकिकत कागदावर उतरवायची, ही मराठी राज्यकारभाराची रीतच होती. परंतु याच गावात जन्मलेल्या त्या मुलाला पहिल्या दिवशी ज्या वस्त्रात लपेटले असेल ते कोणत्याही दप्तरात येण्यासारखे नव्हते. पांघरुणाचे कापड टिकून राहिल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे, पण ते अपवादानेच: अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ पासोडीवर, म्हणजे पांघरण्याच्या जाड सुती वस्त्रावर, लिहिला, आणि ग्रंथ झाल्यामुळे ती पासोडी जपली गेली. दुपट्यावर कोणी काही लिहिले नाही. पहिल्या मुलाचे दुसऱ्याला, दुसऱ्याचे चुलतभावंडाला, असे फिरत फिरत ते विरले की त्याचे पुन्हा दोन तुकडे होत. बरा तुकडा नव्या गोधडीच्या आतल्या थरात जाई आणि उरलेल्याचे पोतेरे होई. शेणाने सारवलेल्या ओटीवरून वर्षभर फिरल्यावर ते पोतेरे, ज्यात आता हाताला लागेल असे सूतही उरलेले नसे, मागच्या दारी पोफळीच्या आळ्यात टाकले जाई, आणि पहिल्या पावसातच मातीत मिसळून जाई.